तीन पत्त्यांचा संत

देवळाच्या पायऱ्या मोजण्याची सवय आमच्या घरात मला नाही, सौभाग्यवतींना आहे. जेजुरी असो, वणी असो, पहिल्या पायरीला हात लावून नमस्कार झाला की त्यांचे ओठ हलू लागतात आणि वर पोचेपर्यंत त्यांच्याशी बोलण्याची सोय राहत नाही. पण गेल्या मे महिन्यात चेन्नईच्या सेंट थॉमस माउंटवर चढताना, का कुणास ठाऊक, मीही मनातल्या मनात मोजू लागलो. वर पोचल्यावर पदराने कपाळ टिपत त्या म्हणाल्या, "एकशे चौतीस."

माझ्या हिशेबी एकशे छत्तीस झाल्या होत्या.

दोन साक्षीदार, एकच जिना, एकच सकाळ, आणि मध्ये काळ गेला होता तो फार तर दहा मिनिटांचा. आणि मी तिथे गेलो होतो तो जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वी त्या डोंगरावर आला होता की नव्हता अशा एका माणसाचा माग काढायला! खाली उतरून पुन्हा मोजाव्यात अशी सूचना मी करून पाहिली. ती मान्य झाली नाही.

मे महिन्यात आपण होऊन चेन्नईला जाणारा मनुष्य एक तर तिथला जावई असावा किंवा प्राध्यापक असावा. जावयाचा तरी मान राहतो. प्राध्यापकाला सुट्टीच उन्हाळ्यात मिळते, त्याला इलाज नाही. पण मला जायचे होते, आणि त्याचे मूळ पंधरा वर्षांपूर्वीच्या एका तासात होते.

तेव्हा मी महाविद्यालयात नव्यानेच लागलो होतो. पदवीच्या वर्गाला फादर स्टीफन्सचे ख्रिस्तपुराण होते. हा थॉमस स्टीफन्स मूळचा इंग्रज. १५७९ साली गोव्यात आला, आपली भाषा शिकला, आणि ख्रिस्ताची कथा त्याने दहा हजारांवर मराठी ओव्यांत गाइली. १६१६ साली राचोलच्या छापखान्यात ती छापली गेली. त्या पहिल्या छपाईची एकही प्रत आज मिळत नाही, हेही मी वर्गाला मोठ्या रसाने सांगितले. एकही प्रत मिळत नसताना ती छापली गेली याबद्दल मात्र मला तिळमात्र शंका नव्हती. बोलता बोलता ख्रिस्ती धर्म आपल्या देशात आला केव्हा, हा विषय निघाला. एक मुलगी उभी राहून म्हणाली, "सर, पहिल्याच शतकात. संत थॉमस आला होता ना!"

"थॉमस इथे आलाच नाही," मी म्हणालो. "पुरावा काय? ती नुसती दंतकथा आहे."

नव्या मास्तराला 'पुरावा' हा शब्द फार आवडतो. नवी छत्री हाती आलेल्या मुलासारखा तो उन्हापावसावाचूनही तो उघडून दाखवीत असतो. मुलगी वसईची होती. तिने अगदी शांतपणे विचारले, "सर, मागच्या आठवड्यात तुम्ही ज्ञानेश्वरांनी भिंत चालवल्याची गोष्ट सांगितलीत. तेव्हा पुराव्याचं काही बोलला नाहीत."

वर्ग चिडीचूप झाला. मला उत्तर सुचले नाही. आणि उत्तर सुचले नाही की आमच्या धंद्यातली माणसे कोटी करतात. मी म्हटले, "अगं, ती भिंत आपल्या घरची होती!" वर्ग खो खो हसला. मुलगी खाली बसली. त्या दिवशी स्टाफरूममध्ये ती कोटी मी दोन वेळा ऐकवली. आज लिहिताना ती माझ्याच हाताला चटका देते.

पुढे ती मुलगी बँकेत लागली, बढत्या घेत घेत चेन्नईला गेली. दर दिवाळीला न चुकता शुभेच्छा पाठवणाऱ्या चार-दोन विद्यार्थ्यांत ती एक. आम्ही चेन्नईला येतो आहोत असे कळवताच तिचा फोन आला. "सर, आई पण आली आहे इथे. आपण सगळे मिळून थॉमसला भेटायला जाऊ." तिच्या आवाजात थट्टा नव्हती. निदान मला तरी ऐकू आली नाही.

मायलेकी गाडीरस्त्याने आधीच वर येऊन बसल्या होत्या. आईंचे वय सत्तरीच्या घरातले. एका डोळ्याने दिसेनासे झालेले, आणि दुसऱ्याच्या पडद्याचे ऑपरेशन दुसऱ्या दिवशी व्हायचे होते. तेवढ्यासाठीच लेकीने त्यांना वसईहून आणले होते. मी त्यांना मावशी म्हणू लागलो. त्या मला सर म्हणत, लेक म्हणते म्हणून.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. थॉमस हा येशू ख्रिस्ताच्या बारा शिष्यांपैकी एक. केरळातल्या जुन्या ख्रिस्ती घराण्यांची परंपरा सांगते की इ.स. ५२ मध्ये तो कोडुंगल्लूरजवळ गलबतातून उतरला, तिथे त्याने धर्म सांगितला, मग पूर्व किनाऱ्यावर आला, आणि इ.स. ७२ मध्ये या डोंगरावर त्याला भाल्याने भोसकून मारण्यात आले. पुरला तो समुद्रकाठी, मैलापूरला. भारत सरकारने १९७३ साली त्याच्या एकोणीसशेव्या पुण्यतिथीचे टपाल तिकीट काढले. सरकारी शिक्का बसला की गोष्ट खरी मानायची पद्धत असेल तर हा लेख इथेच संपायला हरकत नाही.

डोंगर तीनशे फुटांचा. पर्वती चढलेल्या माणसाने त्याचे कौतुक करू नये. वर झाडांची सावली आहे, एक लहानसे जुने चर्च आहे, आणि पायथ्याशीच विमानतळ असल्यामुळे दर पाच-सात मिनिटांनी एक विमान गुरगुरत जाते. मी चर्चकडे वळणार तोच मला एक अर्धपुतळा दिसला आणि मी थबकलो. हा थॉमस नव्हे. हा विल्यम लॅम्बटन. १० एप्रिल १८०२ रोजी या माणसाने याच डोंगरापाशी जमीन मोजायला सुरुवात केली. हाताशी शंभर फूट लांबीची एक पोलादी साखळी. साडेसात मैलांची एक सरळ रेघ मोजायला त्याने सत्तावन्न दिवस घेतले. उन्हाने साखळी तापून किती वाढली याचाही हिशेब ठेवला. त्या एका रेघेवर त्रिकोणाला त्रिकोण जोडत मोजणीची माणसे पुढे पन्नास वर्षांनी हिमालयाला भिडली, आणि जगातले सर्वांत उंच शिखर कोणते ते कागदावर ठरले. म्हणजे ज्या टेकडीवर हिंदुस्थानातल्या सर्वांत काटेकोर मोजमापाचा श्रीगणेशा झाला, तीच ही, जिथली दुसरी गोष्ट कुठल्याच साखळीने मोजता येत नाही.

"हा साहेब आमच्या माहेरच्या बाजूला वारला," सौभाग्यवती मावशींना सांगू लागल्या. त्यांचे माहेर वर्ध्याचे. लॅम्बटन मोजीत मोजीत उत्तरेला निघाला असता १८२३ साली हिंगणघाटला वारला. कबर तिथेच आहे. मागे एकदा मेहुण्याबरोबर मी ती पाहायला गेलो होतो. सापडायला तास लागला, कारण ज्यांना ज्यांना विचारले त्यांतल्या कुणालाच ती ठाऊक नव्हती. मावशींनी हे सगळे लक्ष देऊन ऐकून घेतले.

चर्चच्या वेदीवर भिंतीत बसवलेला एक दगडी क्रूस आहे. १५४७ साली पोर्तुगीज लोक इथे पाया खणत असताना तो सापडला. थॉमसने मरताना यालाच मिठी मारली, त्याच्या रक्ताचे डाग यावर आहेत, असे म्हणत. पुढे ठरावीक दिवशी प्रार्थना चालू असता दगडाला घाम सुटतो, तो लाल असतो, असेही लोक सांगू लागले. क्रूसाभोवती कमानीसारखी अक्षरांची एक ओळ कोरलेली आहे. ती कुणालाच वाचता येईना. तेव्हा एका विद्वान ब्राह्मणाला बोलावण्यात आले. त्या गृहस्थाने एकेका अक्षरातून वाक्येच्या वाक्ये काढीत थॉमसचे सबंध चरित्र, अवतारकार्यापासून बलिदानापर्यंत, घडाघडा वाचून दाखवले! पोर्तुगीजांनी ते भक्तिभावाने टिपून घेतले. या पंडिताबद्दल मला फार जिव्हाळा वाटतो. समोरच्याला काय ऐकायचे आहे ते ओळखून दगडातून तेच वाचणारे त्याचे वंशज विद्यापीठांतून मी पाहिले आहेत. काही वेळा आरशातही.

खरी अक्षरे निघाली पहलवी, म्हणजे जुन्या इराणची. १८७३ साली बर्नेल नावाच्या अधिकाऱ्याने ते ओळखले. पुढे पुण्यात एकेकाळी संस्कृत शिकवणारे मार्टिन हाउग यांनीही ती ओळ लावण्याची खटपट केली. विद्वानांचे अजून एकमत नाही. पण ती ख्रिस्ताची करुणा भाकणारी छोटीशी प्रार्थना आहे, आणि तीत क्रूस करवणाऱ्या कुणा माणसाचे व त्याच्या बापाचे नाव आहे, इथवर बरेच जण येतात. क्रूस थॉमसच्या नंतर निदान पाच-सहा शतकांनी कोरलेला. थॉमसचे नाव त्यात कुठेही नाही. असेच क्रूस केरळात आहेत, आणि २००१ साली एक गोव्यात आगशीलाही सापडला. तात्पर्य, इराणकडून येणारे ख्रिस्ती व्यापारी आपल्या किनाऱ्यांवर वस्ती करून होते हे हा दगड छातीठोकपणे सांगतो. थॉमसबद्दल तो तोंड उघडत नाही.

मावशींनी मात्र त्या दगडापुढे बराच वेळ डोके टेकले.

खाली उतरून गाडीने मैलापूरला निघालो. वाटेत एका जुन्या हॉटेलात कॉफीला थांबलो. पितळी वाटी-पेल्यात कॉफी खालीवर करीत माझी विद्यार्थिनी म्हणाली, "सर, आमच्या बँकेत थॉमसचं खातं उघडलं नसतं."

"का गं?"

"केवायसीत नापास. पत्त्याचे पुरावे तीन, आणि तिन्ही वेगळे."

तिने सगळा विषय वाचून काढला होता. कधी, कशासाठी, ते मी विचारले नाही. पहिला पत्ता मैलापूर. दुसरा एडेसा, म्हणजे आज तुर्कस्तानात असलेले उर्फा. चौथ्या शतकात एफ्रेम नावाचा कवी तिथे होऊन गेला, तो ३७३ साली वारला. त्याच्या स्तोत्रांत आहे की एका व्यापाऱ्याने थॉमसच्या अस्थी हिंदुस्थानातून उचलून आमच्या गावी आणल्या. तिसरा पत्ता इटलीतले ओर्तोना. १२५८ साली त्या अस्थी एका ग्रीक बेटावरून तिथे नेल्या, असे ते गाव म्हणते, आणि आजही त्या तिथे पूजेत आहेत. १९५३ साली तिथल्याच हाडाचा एक तुकडा समारंभपूर्वक केरळात कोडुंगल्लूरला आणण्यात आला. म्हणजे गेलेला संत इतक्या शतकांनी थोडासा परतही आला.

"आणि नाव?" ती पुढे म्हणाली. "थॉमस हे नावच नव्हे. अरामी भाषेत त्याचा अर्थ जुळा. सांगा सर, अर्जावर नुसतं 'जुळा' लिहिलं तर चालेल?"

तिचे खरे होते. आणि मृत्यूच्या दाखल्याचे काय? थॉमसचा हिंदुस्थानातला मुक्काम सांगणारा सर्वांत जुना ग्रंथ म्हणजे 'थॉमसची कृत्ये'. तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीला, बहुधा एडेसाकडेच, तो सिरियाक भाषेत लिहिला गेला. त्यात राजाचे शिपाई त्याला डोंगरावर नेऊन भाल्यांनी मारतात. मार्को पोलो १२९० नंतरच्या एक-दोन वर्षांत या किनाऱ्याने गेला. त्याच्या कानावर निराळेच आले. संत रानात प्रार्थना करीत बसला होता, भोवती मोर होते. कुणा शिकाऱ्याने मोरावर बाण सोडला तो चुकून संताला लागला. पोर्तुगीजांच्या काळात मारणारा ब्राह्मण ठरला. मला यांतली मोराची गोष्ट जवळची वाटते. मयिल म्हणजे तमिळमध्ये मोर, आणि मैलापूर हे मोराचेच गाव. तिथल्या कपालीश्वराच्या देवळात पार्वतीने लांडोर होऊन शंकराची आराधना केली अशी कथा आहे. देवळातला मोर उडून शेजारच्या संताच्या गोष्टीत जाऊन बसला असेल काय? की दोन्ही गोष्टींत तो गावाच्या नावातूनच आला? शेजारधर्म नेहमी असाच गोड राहिला असे मात्र नव्हे. कपालीश्वराचे मूळ देऊळ समुद्रकाठी होते आणि ते पोर्तुगीजांच्या अमलात गेले, आजचे त्यानंतर आत बांधलेले आहे, असे मानतात. हे सांगताना माझ्या विद्यार्थिनीने आवाज खाली केला नाही, हे मला आवडले.

'कृत्यां'ची कथा आपल्या कीर्तनात सहज खपेल अशी आहे. शिष्यांनी देश वाटून घेण्यासाठी चिठ्ठ्या टाकल्या. थॉमसच्या वाट्याला हिंदुस्थान आला. तो म्हणाला, मी जाणार नाही. तेव्हा ख्रिस्ताने स्वतः बाजारात उभे राहून, हा माझा सुतार गुलाम आहे, असे सांगून त्याला एका व्यापाऱ्याला विकून टाकले. तो व्यापारी गुंदफर नावाच्या राजासाठी कारागीर शोधत होता. राजाने महाल बांधायला पैसा दिला. थॉमसने तो गोरगरिबांना वाटला. राजाने विचारले, महाल कुठे आहे? थॉमस म्हणाला, स्वर्गात बांधला आहे. पुढे तुरुंग, राजाच्या भावाचे मरण, त्याला स्वर्गात तो महाल दिसणे, त्याचे परत येणे, हे सारे यथासांग आहे. बोलणारे गाढवही आहे.

शेकडो वर्षे विद्वान म्हणत, गुंदफर नावाचा राजाच झाला नाही. आणि १८३० नंतर अफगाणिस्तानात नाणी सापडू लागली, त्यांवर ते नाव निघाले! पुढे तख्त-इ-बाहीचा शिलालेख मिळाला. तो राजा पहिल्या शतकात, थॉमसच्या हयातीत बसेल अशा काळात, वायव्येकडे राज्य करीत होता असे ठरले. मग भाविकांना उत्साहाचे भरते आले. राजा खरा, म्हणून कथा खरी. पण हे गणित आपल्याला ओळखीचे आहे. सिंहासनबत्तिशीतला भोजराजा खराच होऊन गेला. म्हणून सिंहासनाच्या पुतळ्या त्याच्याशी बोलल्या असे होत नाही. शिवाय गुंदफरचे राज्य राहिले पेशावरकडे. तिथून मैलापूर गाठायचे तर सगळा देश ओलांडावा लागतो. २००६ साली पोप बेनेडिक्ट यांनी एका भाषणात थॉमस पश्चिम हिंदुस्थानापर्यंत पोचला आणि धर्म तिथून पुढे दक्षिणेत गेला अशा अर्थाचे काही म्हटले, तेव्हा केरळात मोठी खळबळ उडाली होती.

"आणि कल्याण सर," ती म्हणाली. "आपलं कल्याण."

सहाव्या शतकातला कॉस्मस नावाचा प्रवासी लिहितो की मिऱ्याच्या मलबारात ख्रिस्ती आहेत आणि कल्याणला इराणहून नेमलेला बिशप आहे. ते कल्याण आपलेच, असे बहुतेक जण समजतात. रोज सायंकाळी कल्याण लोकलमध्ये चेंगरत जाणाऱ्यांना कळवायला हवे की त्यांच्या गावी चौदाशे वर्षांपूर्वी बिशप होता. पण थॉमसचे नाव कॉस्मसही घेत नाही.

खुद्द ख्रिस्ताची गोष्ट वेगळी आहे हे सांगायला हवे, नाहीतर घोटाळा होईल. पौलाची पत्रे ख्रिस्तानंतर वीस-पंचवीस वर्षांतली आहेत. जोसेफस या यहुदी इतिहासकाराच्या ग्रंथात त्याचा उल्लेख आहे, जरी तो मजकूर पुढच्या नकलकारांच्या हातून शुद्ध राहिलेला नाही. टॅसिटस हा रोमन तर ख्रिस्ती लोकांचा मित्र नव्हे, तोही पिलाताच्या हुकुमाने त्याला मारल्याचे सांगतो. त्या पिलाताच्या नावाचा दगड १९६१ साली कैसरियाला सापडला. चमत्कार मानोत न मानोत, असा एक माणूस होऊन गेला याबद्दल बहुतेक इतिहासकारांना शंका नाही. थॉमसच्या हिंदुस्थानवारीच्या वाट्याला असा एकही परका साक्षीदार नाही.

मग पंधरा वर्षांपूर्वी मी वर्गात म्हणालो ते बरोबरच होते की! कॉफीचा पेला खाली ठेवताना माझ्या मनात हे आले, आणि त्याच वेळी ते बरोबर नव्हते हेही लख्ख दिसले. पहिल्या शतकात तांबड्या समुद्राच्या तोंडाशी निघालेले गलबत मोसमी वाऱ्यावर चाळीस दिवसांत मलबारला लागत असे, हे प्लिनीने लिहून ठेवले आहे. मिऱ्यासाठी रोमन सोने इकडे वाहत होते. येणे सहज शक्य होते. शक्य होते म्हणजे आला असे नव्हे. पण पुरावा नाही म्हणजे आला नाही, असेही नव्हे. मी वर्गात 'आलाच नाही' म्हणालो होतो. त्या 'च'ला माझ्याजवळ कोणता पुरावा होता?

आणि आमच्या घरची भिंत? ज्ञानेश्वरांची समाधी १२९६ ची. भिंतीची गोष्ट घरोघर गेली ती मुख्यतः महिपतीबोवांच्या ओव्यांतून, आणि त्यांचा भक्तविजय पुरा झाला १७६२ साली. मध्ये साडेचारशेहून अधिक वर्षे. थॉमसनंतर त्याची 'कृत्ये' दीडशे वर्षांच्या आसपास लिहिली गेली. अंतरावरच तोलायचे तर काटा कुठे झुकतो ते दिसतेच आहे. १८९८ च्या सुमारास 'भारद्वाज' या नावाने 'सुधारक' पत्रात एका विद्वानाने ज्ञानेश्वर दोन होऊन गेले असे मांडले, त्यावर केवढा गदारोळ उठला. केरळातही चौथ्या शतकातला कुणी थॉमस नावाचा व्यापारी सांगतात, आणि दोन थॉमस एक झाले असावेत असे काही जण म्हणतात. हा वाद मी वर्षानुवर्षे शिकवीत आलो. आपल्या घरी त्याला संशोधन म्हणतो. शेजारच्या घरी मी त्याला दंतकथा म्हणून मोकळा झालो होतो.

"आमच्या वसईला थॉमसशी तसं देणं-घेणं नाही," मावशी मध्येच म्हणाल्या. त्या ऐकत होत्या हे आमच्या ध्यानातच नव्हते. "आमचा गोन्सालो गार्सिया." वसईत जन्मलेला हा संत १५९७ साली जपानात नागासाकीला क्रूसावर मारला गेला. "त्याची कागदपत्रं आहेत, सर," लेक हसून म्हणाली, "तारखेसकट."

सान थोमे चर्च पांढरेशुभ्र, उंच, टोकदार मनोऱ्याचे. आजची इमारत १८९६ ची. कबर तळघरात आहे. १५२३ साली पोर्तुगीजांनी ती खणली तेव्हा हाडे, भाल्याचे टोक आणि मातीने भरलेले एक मडके निघाले असे पुढे जबान्यांत नोंदवले आहे. ज्याला जे सापडायला हवे ते सापडले, असे म्हणावेसे वाटते. पण तेही मी अलीकडे जपून म्हणतो. आवाराजवळ एक जुना लाकडी खांब आहे. थॉमसने तो रोवला, समुद्र त्यापुढे येणार नाही असे सांगितले, म्हणून २००४ च्या त्सुनामीत चर्चला पाणी लागले नाही, असे लोक सांगतात. आख्यायिका तयार व्हायला शतके लागतात असे मी शिकवीत असे. ही तर माझ्या डोळ्यांदेखत वीस वर्षांत पिकली.

तळघरात गारवा होता. माणसे होती पण आवाज नव्हता. चपला काढून, डोक्यावर पदर घेऊन काही बायका बसल्या होत्या. त्यांत कपाळाला कुंकू लावलेल्याही बऱ्याच. सौभाग्यवतीही त्यांच्यात जाऊन बसल्या. कबरीच्या जागी आडव्या निजलेल्या संताची मूर्ती आहे. मावशींना नीट दिसत नव्हते, त्यांनी लेकीचा हात धरून जागा चाचपली. मग माझ्याकडे वळून हळूच विचारले,

"सर, हा इथं आहे ना?"

वसईकर बाईंचे थॉमसशी देणे-घेणे नव्हते, पण उद्याचे ऑपरेशन होते. 'हो' म्हणणे फार सोपे होते. त्या क्षणी ते दयेचेही दिसले असते. 'नाही' म्हणून मी एकदा पाहिले होते. लेक माझ्याकडे बघत नव्हती, मूर्तीकडे बघत होती.

"मावशी," मी म्हटले, "तो इथं आला होता असं सांगायला माझ्याकडे पुरावा नाही. आला नव्हता असं सांगायलाही नाही. सातशे वर्षांपूर्वी लोक लांबून इथं येत, तापकऱ्याला पाण्यातून द्यायला इथली माती नेत, हे एका प्रवाशानं लिहून ठेवलंय. तेवढं मला ठाऊक आहे."

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. "म्हणजे माझ्यासारखी माणसं सातशे वर्षं येताहेत."

"हो. ते नक्की."

"हं," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, "ही कॉलेजात होती तेव्हा घरी येऊन म्हणाली, आमचे सर सांगतात, थॉमस आलाच नाही. हिचे पप्पा वाचणारे होते. ते म्हणाले, सरांना विचार, कशावरून? पण हिनं कधी विचारलंच नाही."

तिने विचारले होते. सगळ्या वर्गासमोर उभे राहून विचारले होते. घरी मात्र तिने हे सांगितले नव्हते, आणि वर्ग हसला हेही सांगितले नव्हते. वडील चार वर्षांपूर्वी गेले.

योहानाच्या शुभवर्तमानात थॉमसची एक गोष्ट आहे. क्रूसावर मेलेला गुरू पुन्हा उठला असे बाकीच्यांनी सांगितले तेव्हा हा एकटा म्हणाला, जखमांत बोट घालून पाहिल्याखेरीज मी मानणार नाही. आठवड्याने ख्रिस्त समोर उभा राहिला आणि म्हणाला, घाल बोट. चित्रकारांनी थॉमसला जखमेत बोट घालताना शेकडो वेळा रंगवले आहे. पण मूळ मजकूर नीट वाचला तर त्याने बोट घातले असे तिथे लिहिलेलेच नाही. त्यावर रागावल्याचेही नाही. संशय घेतला म्हणून त्याला कुणी वर्गाबाहेर काढले नाही, आणि त्याच्या प्रश्नावर कुणी हसलेही नाही.

बाहेर उन्हात आल्यावर मी तिला म्हटले, "त्या दिवशी वर्गात तुझं म्हणणं बरोबर होतं. मी उत्तर द्यायला हवं होतं."

"कुठल्या दिवशी, सर?" ती म्हणाली, आणि रिक्षाला हात करायला पुढे गेली. ती खरोखरच विसरली होती की तसे दाखवीत होती, मला कळले नाही.

चार दिवसांनी आम्ही मुंबईला पोचलो तेव्हा तिचा फोन आला. पट्टी निघाली होती, मावशींना बोटे मोजता येत होती. "आई काहीतरी विचारतेय सर, देते," असे म्हणून तिने फोन आईकडे दिला.

"सर, ते डोंगरावरचे मोजणीवाले साहेब," मावशी म्हणाल्या, "त्यांची कबर तिकडे आहे म्हणालात. ती नक्की त्यांचीच?"

"नक्की त्यांचीच, मावशी."

"मग तिथं कुणी मेणबत्ती लावतं का हो?"

या दिवाळीत सासुरवाडीला वर्ध्याला जायचे आहे. हिंगणघाट तिथून तासाभराच्या वाटेवर. परवा बॅग भरताना कपड्यांच्या घडीखाली हाताला एक पुडके लागले. मेणबत्त्यांचे होते. मी सौभाग्यवतींकडे पाहिले. त्या फराळाचे डबे मोजण्यात गढल्या होत्या, आणि मोजताना त्यांच्याशी बोलण्याची सोय नसते.